वरकस जमीन : माती, पाणी आणि आपला दावा

(मुठा इथं भातकापणीनंतर झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी मजकूर देत आहोत. वाडीवर ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा.)



काल दिवसभर आपण उतारावर होतो. पहार, टिकाव, घमेलं घेऊन तीन खड्डे खणले. काही जणांनी विचारलं, "दावा कागदाचा आहे, मग खड्डे कशाला खणायचे?" आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

वनहक्काच्या दाव्यांची पाहणी झाली ती वैशाखात. वैशाखात वरकसावर काय दिसणार? वाळलेलं गवत आणि दगड. आलेले एक साहेब तालीवर उभे राहिले, बुटानं दोन खडे उडवले आणि म्हणाले, "हितं माती कुठं हाय? हितं शेती कोण करणार?" शेरा पडला : जमीन खडकाळ, लागवडीस अयोग्य. आम्ही सगळे तिथं होतो. पिढ्यान् पिढ्या त्याच जागी नाचणी खाल्लेली माणसं होती. पण त्या वेळी कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. "आम्ही कसतो साहेब," एवढंच म्हणत राहिलो. ते खरं होतं, पण पुरलं नाही.

म्हणून ही माती काय आहे, पाण्याचं इथं काय होतं आणि आपण तिच्यावर काय केलं, हे आपल्याला मुद्देसूद सांगता आलं पाहिजे. मातीशी आपली ओळख जुनी आहेच. ती फक्त शब्दांत आणि आकड्यांत मांडायची आहे.

पहिला खड्डा : सोंडेवरचा

पहिला खड्डा सोंडेच्या उघड्या उतारावर घेतला. तिथं आजवर कुणी बांध घातलेला नाही. वीतभर खाली गेलो आणि तांबूस माती संपली. खाली पिवळट मुरूम लागला. आणखी हातभर गेल्यावर पहार ठण्‌कन वाजली, काळा पाषाण.

हा सगळा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास झालं त्याला. थरावर थर बसले. काही थर कठीण, काळ्या पाषाणाचे. काही ठिसूळ, बारीक भोकांचे, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. मध्ये कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा. दगड ऊनपावसानं कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. पाषाणात लोखंड असतं. ते गंजतं म्हणून माती तांबूस. पण उतारावर तयार झालेली माती टिकत नाही, पाऊस ती खाली नेतो. त्यामुळे इथं माती कायम वीतभरच राहते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि जायला एक झोडपणारा पाऊस पुरतो.

त्या खड्ड्यातली माती आपण चाळली. निम्मे खडे निघाले. ओल्या मातीची सुतळी वळून पाहिली, ती तुटली, म्हणजे चिकण कमी. मग खड्ड्यात हंडाभर पाणी ओतलं. तंबाखू मळून होईपर्यंत पाणी गायब! ही माती पाणी पटकन पिते आणि धरून ठेवत नाही. आणखी एक गोष्ट. एवढ्या पावसानं मातीतला चुना धुऊन जातो. देशावरच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सापडतात, आपल्या उतारावर सापडत नाहीत. म्हणून ही माती थोडी आंबट आणि कसाला हलकी.

आपल्या आज्या-पणज्या राब भाजत आल्या, त्याचं कारण यातच आहे. पालापाचोळा, कवळं, शेण भाजलं की तणाचं बी जळतं आणि राखेनं मातीचा आंबटपणा मारला जातो, रोपाला ताकद मिळते. जे आपल्याला अडाणी म्हणतात त्यांना हे सांगा. राब म्हणजे या मातीला दिलेलं औषध आहे.

पाण्याचा हिशेब

आता आकडे. घाबरू नका, हंड्याचाच हिशेब आहे.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे शंभर लिटर पाणी पडलं. साधारण सहा-सात हंडे. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपण जसजसे पश्चिमेला घाटमाथ्याकडं जाऊ तसा तो कित्येक पटींनी वाढतो. हिशेबापुरता आपल्या उतारावर अडीच हजार मिलिमीटर धरू. म्हणजे एका गुंठ्यावर पावसाळ्यात अडीच लाख लिटर पाणी पडलं.

यातलं वीतभर मातीत, जिच्यात निम्मे खडे आहेत, किती मावतं? पिकाला घेता येईल असं पाणी जेमतेम वीस मिलिमीटर. गुंठ्याला दोन हजार लिटर. अडीच लाख पडले आणि दोन हजार मावले! चार महिन्यांत पिकानं आणि हवेनं मिळून समजा तीन-चारशे मिलिमीटर घेतलं. बाकीचं सगळं गेलं. काही वरून ओघळानं वाहून, काही मुरमात जिरून.

मग अश्विन येतो. पाऊस उघडतो, ऊन तापतं. नाचणीचा दाणा भरायची तीच वेळ. अशा उन्हात पीक आणि जमीन मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडतं. मातीत वीस होतं. चार-पाच दिवसांत संपलं. कणीस पोचट राहतं. भर पावसाच्या मुलखात पीक तहानेनं मरतं ते असं.

याच्या उलट सोलापूरकडं बघा. तिथं पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर. पण काळी जमीन खोल असेल तर ती दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते, आणि त्या ओलीवर थंडीत शाळू उभा राहतो. तेव्हा पाऊस किती पडला एवढ्यावर जमिनीची किंमत ठरत नाही. तिच्यात पाणी किती दिवस राहतं, त्यावर ठरते.

दुसरा खड्डा : तालीमागचा

दुसरा खड्डा त्याच उतारावर, पहिल्यापासून पन्नास पावलांवर घेतला. फरक एवढाच की तिथं दगडी ताल आहे. तालीच्या मागं खणायला लागलो. वीत झाली, हात झाला, दीड हात झाला, तरी माती. पावणेदोन हातांवर मुरूम लागला. वरचा थर मऊ, काळपट तांबूस, खडे थोडे. सुतळी वळली, ती तुटली नाही. हंडाभर पाणी ओतलं तर ते बराच वेळ दिसत राहिलं.

उतार तोच, पाऊस तोच, खालचा खडक तोच. मग ही माती आली कुठून?

ती वरून आली आणि तालीनं अडवली. रान साफ करताना निघालेले दगड कुणीतरी एकावर एक रचले. पावसानं गाळ आणला, तो दगडामागं बसला. पुढच्या वर्षी तालीवर आणखी एक थर चढवला. फुटलेली जागा जेष्ठात पाऊस लागायच्या आधी बांधली. असं वर्षानुवर्षं केलं तेव्हा वीतभराची पावणेदोन हात झाली. एका पावसात हे होत नाही. काल आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ताल बघून सांगितलं, खालचे मोठे धोंडे त्यांच्या बापानं बसवले, वरचे त्यांनी, आणि सर्वांत वरची ओळ त्यांच्या पोरानं. ताल म्हणजे त्या घराची वंशावळच झाली.

इथला पाण्याचा हिशेब करा. पावणेदोन हात माती, खडे कमी. शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी मावतं. गुंठ्याला दहा हजार लिटर. अश्विनातल्या उन्हात वीस दिवस पुरतं. वरती पाच दिवस, इथं वीस दिवस. या पंधरा दिवसांच्या फरकात दाणा भरतो. घरात नाचणी येते की नाही, ते ह्या पंधरा दिवसांवर ठरतं. आणि हे पंधरा दिवस ताल बांधणाऱ्यांच्या हातांनी तयार केलेले आहेत.

तिसरा खड्डा : खाचरातला

तिसरा खड्डा खाली भातखाचरात, मालकाला विचारून घेतला. माती राखाडी, चिकट. हातभर खाली घट्ट थर, त्यात गंजाचे तांबडे ठिपके. दरवर्षी चिखलणी करून माती मळली जाते, तिची भोकं बुजतात, पाणी तुंबून राहतं. हवा मिळत नाही म्हणून रंग राखाडी. आंबेमोहर, इंद्रायणी पिकते ती ह्या मातीत.

पण खाचरात कापणीनंतरही एका कडेनं पाणी झिरपत होतं, उपळ होती. ते पाणी कुठलं? आपल्या उताराचं. वरकसाच्या मुरमात जिरलेलं पाणी खाली जात जात कठीण पाषाणाला किंवा गेरूच्या थराला अडतं आणि आडवं सरकत बाहेर पडतं. त्याचाच झरा होतो, त्याचीच उपळ होते. खाचराला भाद्रपदात पावसानं दडी मारली तरी ओल मिळते ती ह्या पाण्यानं. वाडीच्या बायका माघ-फाल्गुनापर्यंत ज्या झऱ्यावर हंडा भरतात तोही ह्याच पाण्याचा.

म्हणजे माथा, उतार आणि तळ ही तीन वेगळी शेतं नाहीत. ते एकच शेत आहे. वरच्या ताली तुटल्या तर पाणी जिरायच्या ऐवजी धावेल. खाचरात गोटे येऊन पडतील आणि झरा पौषातच आटेल. खाचरवाल्या शेतकऱ्यांशी आपलं भांडण नाही. उलट त्यांना हे नीट सांगा. उतार आपल्या हातात सांभाळला गेला तर त्यांचं खाचर वाचतं.

आणि पुणेकरांनाही सांगा. मुठा नदी आपल्या खोऱ्यातून निघते. टेमघरच्या धरणात तिचं पाणी अडतं, पुढं पानशेत-वरसगावचं पाणी तिला मिळतं आणि सगळं खडकवासल्यात जाऊन शहराच्या नळाला येतं. आपल्या तालीनं जी माती अडवली ती धरणात गाळ म्हणून गेली नाही. ही चौकीदारी आपण बिनपगारी करत आलो.

दोन आण्याची जमीन

मग ह्या जमिनीला अयोग्य कुणी ठरवलं? त्याचं मूळ जुनं आहे.

इंग्रजांनी शेतसारा बसवण्यासाठी जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी केली. सुरुवात १८३५ च्या सुमारास इंदापूरकडं झाली, आणि त्याचे नियम १८४७ साली एकत्र पक्के झाले. प्रतबंदी करणारा कारकून माती किती हात खोल आहे ते बघायचा. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून उतरत उतरत नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. त्यातून आणखी दोष धरायचे : खडे असले तर दोष, उतार असला तर दोष, पाणी वाहून येत असलं तर दोष.

ही मोजपट्टी देशावरच्या काळ्या रानाची. ती लावली की आपला डोंगर तळाला जाणारच. सारा कमी बसला हे खरं, पण त्याबरोबर एक शिक्काही बसला : हलकी, खराब, पड. पुढं १८७८ चा जंगल कायदा आला. अशा 'पड' जागा राखीव करायला मग काय अडचण होती? कागदावर तिथं कुणी नव्हतंच. आजही सातबाऱ्यावर पोटखराबा असं वाचतो, तेव्हा त्यामागं जमीन बघायची तीच जुनी नजर आहे.

पण एक गंमत बघा. त्यांच्याच मोजपट्टीनं सोळा आण्यांची खोली किती? पावणेदोन हात. आणि काल तालीमागं आपल्याला माती किती लागली? पावणेदोन हात! निसर्गानं दिली वीतभर, म्हणजे अर्धा हात. वरचा सव्वा हात आपल्या माणसांनी घातला. रंग काळा नसेल, पण खोलीपुरतं बोलायचं तर हिशेब त्यांच्याच पट्टीनं पुरा झाला.

पडीचं वर्ष

आणखी एका शेऱ्याचं उत्तर आपल्याकडं पाहिजे : "जमीन पडीक दिसते." वरकसावर दरवर्षी तेच पीक घेता येत नाही. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग सावा नाहीतर खुरासणी, आणि नंतर काही वर्षं विसावा. वीतभर मातीचा कस तेवढाच. विसाव्यात गवत-झुडूप वाढतं, पाला कुजतो, मुळं माती धरून ठेवतात. पडीचं वर्ष हे कसण्याचंच वर्ष आहे. पाहणी त्या वर्षी आली आणि तिथं गवत दिसलं, म्हणून शेती नाही असं होत नाही. त्यांना हाताला धरून शेजारच्या तुकड्यावर न्या, जिथं औंदा नाचणीची धाटं उभी आहेत, आणि पाळी समजावून सांगा.

कायदा काय म्हणतो

आता मुद्द्याचं. वनहक्काचा कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ पासून. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा आणि स्वतः कसत असलेली जमीन, कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर. हे तुम्हाला पाठ आहे.

नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. बरेच जण समजतात की दंडाची पावती नाही, सरकारी कागद नाही, म्हणजे दावा गेला. तसं नाही. त्याच यादीत जमिनीवरच्या खुणा हा पुरावा धरला आहे : घर, झोपडी, आणि जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा, म्हणजे सपाटीकरण, बांध, बंधारे. वडीलधाऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाब हाही पुरावा धरला आहे. आणि एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यावेत असं म्हटलं आहे. ताल हा एक पुरावा, म्हाताऱ्या माणसाचा जबाब हा दुसरा. दोन झाले.

हेही प्रामाणिकपणे समजून घ्या की माती तारीख सांगत नाही. पावणेदोन हात गाळ बघून तो २००५ च्या आधीचा की नंतरचा, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. माती एवढंच सांगते की इथं पुष्कळ वर्षं माणसाचे हात लागले आहेत. तारीख माणसांनी सांगायची : ही ताल कुणी, कोणत्या दुष्काळात, कोणाच्या लग्नाच्या वर्षी बांधली. तालीवर वाढलेला आंबा, साग, हिरडा किती जुना, हेही लिहा. म्हणून खड्डा आणि जबाब दोन्ही एकत्र पाहिजेत. एकट्यानं भागणार नाही.

ज्यांची कसणूक खाजगी खातेदाराच्या वरकसावर आहे त्यांचा प्रश्न कुळकायद्याचा आहे, वनहक्काचा नाही. त्यांनी ह्या अर्जात आपलं नाव घालू नये, उगाच दावा अडकतो. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घेऊ. पण ताली त्यांनीही मोजून ठेवाव्यात.

आणि एक इशारा. रस्त्याकडेच्या उतारांवर आता प्लॉट पडताहेत. जेसीबी येतो, दोन दिवसांत सोंड सपाट करतो, माती ट्रकमध्ये जाते. तीच जमीन, जी आपण मागितली की खडकाळ आणि अयोग्य असते, बंगल्यासाठी विकायची म्हटली की सोन्याची होते! तिथल्या ताली एकदा गेल्या की माती गेली, झरा गेला आणि पुरावाही गेला. म्हणून वेळ कमी आहे.

काय करायचं

एक. प्रत्येक वाडीनं दोन खड्डे घ्यायचे. एक उघड्या उतारावर, एक तालीमागं. खोली हात-वितीत आणि फुटांत लिहायची. खड्डा पाहणी होईपर्यंत बुजवायचा नाही, पण गुरं पडू नयेत म्हणून काट्या लावायच्या.

दोन. प्रत्येक दावेदारानं आपल्या ताली मोजायच्या : किती, किती पावलं लांब, किती हात उंच. कच्च्या नकाशावर दाखवायच्या. झरे आणि उपळी पण दाखवायच्या.

तीन. म्हाताऱ्या माणसांचे जबाब ह्याच महिन्यात लिहून घ्यायचे. उद्यावर टाकू नका. लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. आयांचे जबाब विसरू नका. राबाचा पाला कुठून आणला, झरा कधी आटतो, हे त्यांनाच नीट माहीत असतं.

चार. वनहक्क समितीनं जागेवर जाऊन पंचनामा करायचा, त्यात खड्ड्यांची खोली लिहायची आणि ग्रामसभेत वाचून ठराव घ्यायचा.

पाच. जे दावे "लागवडीस अयोग्य" म्हणून परत आले, त्यांना हे सगळं जोडून अपील करायचं. शेरा लेखी मागून घ्या. तोंडी नकार मानू नका.

पुढच्या पाहणीला साहेब आले आणि "माती कुठं हाय?" म्हणाले, तर वाद घालत बसू नका. त्यांना आधी पहिल्या खड्ड्याशी न्या, मग दुसऱ्या खड्ड्याशी न्या. दोन्हींत हात घालून मोजायला सांगा. मधल्या फरकाला काय म्हणायचं, ते त्यांनाच पंचनाम्यात लिहू द्या.

जिंदाबाद!